कॉरिडॉरमधला कॅमेरा नेमका किती पाहतो?

हौगांगमधल्या एखाद्या जुन्या ब्लॉकच्या लांब कॉरिडॉरमधून सहज चालत जा. कुंड्या, सायकली, चपलांचे रॅक, एखाद्या दारापुढे तुळस किंवा तोरण, आणि दर काही दारांनंतर छताजवळ बसवलेला छोटा पांढरा कॅमेरा. कुणी तो बूट चोरीला गेले म्हणून लावलेला असतो, कुणी सावकारांचे गुंड दारावर रंग फेकून जातील या भीतीने, तर कुणी केवळ पार्सल कधी आलं ते कळावं म्हणून. कारण काहीही असो, तुम्ही रोज त्या कॅमेऱ्यासमोरून जाता. तो तुमच्याबद्दल काय आणि किती टिपतो हे समजून घ्यायला थोडं प्रकाशशास्त्र आणि थोडा गुणाकार-भागाकार पुरतो.

चेहरा किती अंतरावरून ओळखू येतो?

डिजिटल चित्र ठिपक्यांचं, म्हणजे पिक्सेलचं बनलेलं असतं. समोरच्या दृश्यातल्या एक मीटर रुंदीच्या वाट्याला किती पिक्सेल येतात, त्यावर तपशील ठरतो. सुरक्षा कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४च्या आवृत्तीत यासाठी ठरावीक पायऱ्या दिलेल्या होत्या. माणूस आहे एवढंच कळायला मीटरमागे २५ पिक्सेल लागतात. ओळखीचा माणूस ओळखू यायला १२५ लागतात. अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटवायला २५० लागतात.

आता १९२० पिक्सेल रुंदीचं चित्र देणारा, ९० अंशांचा कोन व्यापणारा साधा घरगुती कॅमेरा घ्या. या कोनात दृश्याची रुंदी अंतराच्या दुप्पट होते. म्हणजे ४ मीटर अंतरावर ८ मीटर रुंदी दिसते आणि मीटरमागे २४० पिक्सेल मिळतात. याच हिशेबाने अनोळखी चोराचा चेहरा सुमारे ३.८ मीटरपर्यंतच खात्रीने ओळखता येतो. ओळखीचा माणूस मात्र सुमारे ७.७ मीटरपर्यंत ओळखू येतो, आणि कुणीतरी येतंय एवढं तर ३८ मीटरवरूनही समजतं.

यातली गंमत लक्षात आली का? शेजारी तुम्हाला आधीपासूनच ओळखतो. म्हणजे चोराला पकडण्याच्या कामी हा कॅमेरा जितक्या अंतरापर्यंत उपयोगी पडतो, त्याच्या दुप्पट अंतरापर्यंत तो शेजाऱ्याच्या येण्याजाण्याची नोंद ठेवू शकतो. ‘चोरांसाठी लावलाय’ हे वाक्य अगदी प्रामाणिक असलं, तरी भिंग हेतू ओळखत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. ‘सगळा कॉरिडॉर दिसू दे’ म्हणून जितका रुंद कोन घ्याल, तितके तेच पिक्सेल अधिक जागेवर पसरतात आणि चेहरा पुसट होतो. फक्त स्वतःचं दार आणि चपलांचा रॅक टिपणारा अरुंद कोनाचा कॅमेरा चोराचा चेहरा अधिक स्पष्ट देतो आणि शेजाऱ्यालाही मोकळं सोडतो. इथे सुरक्षितता आणि खाजगीपणा यांचं भांडण नाहीच.

अंधार आणि आवाज

दिवे मंद असले तरी कॅमेरा पाहतो. सिलिकॉनच्या सेन्सरला आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही कळतो. दिवसा एक गाळणी तो अडवते. रात्री ही गाळणी बाजूला सरकते आणि कॅमेऱ्यातले छोटे दिवे अवरक्त प्रकाश टाकतात. ८५० नॅनोमीटरचे दिवे अंधारात पुसट लाल दिसतात, ९४० नॅनोमीटरचे दिसतच नाहीत. म्हणून ‘दिवा लागलेला नाही, म्हणजे बंद असेल’ असं समजू नका.

आवाजाची गोष्ट याहून नाजूक आहे. चित्राला कोन असतो, आवाजाला नसतो. कॅमेरा दुसरीकडे वळवला तरी तुमच्या उघड्या खिडकीतलं बोलणं मायक्रोफोनपर्यंत पोचू शकतं. भिंतीला कान असतात ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या न्यायालयाने २०२१ साली दारावरच्या घंटीतल्या कॅमेऱ्याच्या एका खटल्यात चित्रापेक्षाही दूरवरचा आवाज टिपण्यावर जास्त आक्षेप घेतला होता. मराठीत बोललो तर कुणाला काय कळणार, हा दिलासाही आता उरलेला नाही. भाषांतर करणारी ॲप प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत.

एक चित्र आणि महिनाभराची नोंद

तुम्ही सकाळी आठला घराबाहेर पडलात हे एकदा दिसलं तर त्यात विशेष काही नाही. पण दिवसाला चार वेळा, महिन्यातून तीस दिवस म्हणजे १२० नोंदी होतात. त्यांतून मुलगी शिकवणीहून कधी परतते, आजी घरात एकटी कधी असते, कुटुंब सुट्टीत भारतात कधी गेलं, हे सगळं उलगडतं.

म्हणून नोंद किती दिवस राहते हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने सतत चित्रण केलं तर दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट जागा लागते. ६४ गिगाबाइटचं कार्ड तीन दिवसांत भरतं आणि जुनं पुसून नवं लिहिलं जातं. हे विसरणं शेजाऱ्यांच्या फायद्याचंच आहे. चित्रण इंटरनेटवरच्या साठ्यात जात असेल तर मुदत आणि पासवर्ड दोन्ही तपासा. सिंगापूरमधल्या घरांतल्या कॅमेऱ्यांचं चोरलेलं चित्रण अश्लील संकेतस्थळांवर गेल्याचं २०२० साली उघड झालं होतं. त्याच वर्षी इथल्या सायबर सुरक्षा संस्थेने उपकरणांवर एक ते चार पातळ्यांचं लेबल देणारी योजना सुरू केली. कॅमेरा घेताना खोक्यावर ते जरूर पाहा.

कायदा काय म्हणतो?

एचडीबीच्या इमारतींतला कॉरिडॉर सामायिक असतो आणि त्याची देखभाल टाउन कौन्सिल करतं. कॉरिडॉरकडे तोंड असलेला कॅमेरा लावायला पूर्वी परवानगी लागत असे. मे २०२३ पासून ती लागत नाही, पण अट आहे: कॅमेऱ्याचा रोख शेजाऱ्याच्या दारावर किंवा खिडकीवर नसावा. तळमजल्यावरचे आणि लिफ्टजवळचे पोलिसांचे कॅमेरे वेगळे. २०१६ पर्यंत सुमारे १०,००० ब्लॉक आणि वाहनतळांत असे ६२,००० कॅमेरे बसले होते.

सिंगापूरचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०१२चा आहे. घरगुती कारणासाठी कॅमेरा लावणाऱ्या व्यक्तीला तो लागू होत नाही. भारताच्या २०२३च्या कायद्यातही अशीच सूट आहे. मात्र कॉन्डोची मॅनेजमेंट कॉर्पोरेशन ही संस्था आहे. तिला कॅमेऱ्याची सूचना ठळकपणे लावावी लागते, आणि तुम्ही स्वतः दिसत असलेलं चित्रण तिच्याकडे मागू शकता. काही अपवाद सोडले तर ते द्यावं लागतं.

मग शेजाऱ्याच्या कॅमेऱ्याबद्दल काहीच करता येत नाही का? येतं. २०१५च्या सामुदायिक तंटा निवारण कायद्यात शेजाऱ्यावर किंवा त्याच्या घरावर पाळत ठेवणं हा उपद्रवाचा एक प्रकार म्हणून स्पष्टपणे नोंदवलेला आहे. त्यासाठीचं न्यायाधिकरण तो थांबवण्याचा आदेश आणि २०,००० डॉलरपर्यंत भरपाई देऊ शकतं.

तुम्ही काय कराल?

तुमचा कॅमेरा असेल तर त्याचं तोंड स्वतःच्या दाराकडे करा. समोरासमोर दारं असतील तर ॲपमधली ‘प्रायव्हसी मास्क’ ही सोय वापरा. ‘मोशन झोन’ म्हणजे मास्क नव्हे: झोनमुळे सूचना कधी यावी एवढंच ठरतं, चित्रण पूर्ण दृश्याचंच होतं. मास्कने झाकलेला भाग मुळात नोंदलाच जात नाही. मायक्रोफोन बंद ठेवा. आणि शेजाऱ्याला बोलावून फोनवरचं दृश्य दाखवा, कारण त्याला बाहेरून मास्क दिसत नाही, फक्त भिंग दिसतं.

शेजाऱ्याचा कॅमेरा तुमच्याकडे वळलेला वाटत असेल तर आधी तेच दृश्य दाखवण्याची विनंती करा. बऱ्याचदा प्रश्न तिथेच मिटतो. नाहीच मिटला तर कॅमेऱ्याच्या दिशेचा फोटो काढा, तारखा लिहून ठेवा, टाउन कौन्सिलला कळवा आणि सामुदायिक मध्यस्थी केंद्राकडे जा. न्यायाधिकरण हा त्यानंतरचा मार्ग. कॅमेऱ्यावर स्वतः कापड टाकणं किंवा तो फिरवणं मात्र टाळा. त्याने तक्रारदार तुम्ही राहत नाही, आरोपी होता, आणि त्याचं चित्रणही शेजाऱ्याकडेच असतं.