तळीराम घरी गेल्यावर

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या जयंतीच्या कार्यक्रमात तरुणांनी एखादा नाट्यप्रवेश बसवावा असे ठरले. मी बी. ए. ला मराठी घेतलेले, त्यामुळे प्रवेश निवडण्याचे काम माझ्याकडे आले. मी 'एकच प्याला'मधला तळीराम आणि त्याच्या मद्यपी मंडळींचा प्रवेश काढून दिला. दारूविरुद्धचे नाटक आहे, शिवाय लोक हसतील, असा माझा दुहेरी हिशोब. लोक हसलेही. अर्ध्या तासापूर्वी उभे राहून पंचशील म्हणणारे आम्ही सर्वजण पोट धरून हसत होतो. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली एक भगिनी आपल्या दोन मुलांना घेऊन उठली आणि निघून गेली. तिचा नवरा दारूने लिव्हर खराब होऊन दोन महिन्यांपूर्वी वारला होता. मी अंत्यविधीला गेलो होतो. प्रवेश निवडताना मात्र ते माझ्या ध्यानात आले नाही.

दुसऱ्या दिवशी घरी जाऊन मी माफी मागितली. ती म्हणाली, "भाऊ, नाटक वाईट नव्हतं. पोरांना हसू येईना, म्हणून उठले."

तेव्हापासून नाटक, सिनेमा, गाणे, टीव्ही यांत व्यसन कसे दाखवले जाते याकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. त्यातले काही वाचकांपुढे ठेवतो.

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. गडकरी त्याच वर्षी जानेवारीत वारले होते, त्यांना प्रयोग पाहता आला नाही. गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगात सिंधूची भूमिका बालगंधर्वांची होती. कथा बहुतेकांना ठाऊक आहे. सुधाकर हुशार वकील. न्यायाधीशाशी खटका उडून त्याची सनद काही काळ जाते, आणि अपमान विसरायला म्हणून त्याचा कारकून तळीराम त्याला पहिला प्याला देतो. (कारकून म्हणून मला हे वाचताना नेहमी थोडे अवघडल्यासारखे होते.) पुढे घरदार जाते, सिंधू लोकांची दळणे दळून संसार चालवते, नशेत सुधाकरच्या हातून तान्हे मूल मरते आणि सिंधूवरही घाव बसतो. शेवटी सुधाकर विष घेतो. इतका भयाण शेवट लेखकाने दारूच्या द्वेषाने लिहिला याबद्दल शंका नाही.

पण शंभर वर्षांनी आपल्या भाषेत उरले काय? तळीराम! दरवर्षी ३१ डिसेंबरला वर्तमानपत्रांत 'तळीरामांवर पोलिसांची कारवाई' असा मथळा येतो आणि आपण गालात हसतो. तळीरामाचे 'आर्य मदिरा मंडळ' लोकांच्या लक्षात राहिले. सिंधूचे जाते राहिले नाही. तिच्या नावाचा शब्द काही झाला नाही. लेखकाने इशारा आणि गंमत एकाच ताटात वाढली, प्रेक्षकांनी गंमत उचलली.

आणखी एक गोष्ट मला खटकते. मरताना सिंधू फौजदाराला सांगते की आपण पडलो, नवऱ्याने मारले नाही. हा प्रसंग प्रेक्षकांना रडवतो आणि या खोटेपणाला थोरपण दिले जाते. आजही जखमी बाई दवाखान्यात 'मोरीत घसरले' असे सांगते, तेव्हा ती कोणता धडा गिरवत असते? नाटकात तळीरामाची बायको गीताही आहे. ती तोंडाची फटकळ, नवऱ्याला ऐकवणारी. तिच्यासाठी मात्र कोणी रुमाल काढत नाही.

सिनेमाने तेच पुढे चालवले. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची 'देवदास' १९१७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर सैगलचा, १९५५ साली दिलीपकुमारचा आणि २००२ साली शाहरुख खानचा चित्रपट आला. प्रत्येक पिढीला आपला देवदास मिळाला. प्रेमभंग झाला की पुरुषाने पिणे हे जणू त्याच्या हळव्या मनाचे प्रमाणपत्र. पडद्यावरचा देवदास सुंदर दिसतो. खुद्द सैगल १९४७ साली वयाच्या ४२व्या वर्षी गेले, आणि त्यांच्या अखेरच्या काळावर दारूची छाया होती.

उलट प्रकार जॉनी वॉकर यांचा. मूळ नाव बद्रुद्दीन काझी, मुंबईत बेस्टच्या बसचे कंडक्टर. गुरुदत्त यांनी त्यांना व्हिस्कीचे नाव दिले ते बेवड्याच्या हुबेहूब नकलेवरून. आणि हे गृहस्थ स्वतः दारूला शिवत नसत! म्हणजे पडद्यावरचा विनोदी बेवडा ही शुद्धीवर असलेल्या माणसाची कला आहे. खऱ्या बेवड्याला उलटी होते.

गाण्याचे तर विचारूच नका. 'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) हा देव आनंदचा चित्रपट गांजा-चरसच्या नादी लागलेल्या बहिणीची शोकांतिका आहे. ती अखेर आत्महत्या करते. लोकांनी 'दम मारो दम' घेतले आणि बहीण सोडून दिली. लग्नाच्या वरातीत ते गाणे वाजते तेव्हा तिची आठवण कोणाला होते? आपल्या आंबेडकरी जलशांनी दारूवर कोरडे ओढले, तेही डफ-ढोलकीवर, हसवत हसवतच. म्हणजे हसवणे हा दोष नाही. कोणाकडे बघून हसायचे, एवढाच प्रश्न आहे.

दूरदर्शनवर १९८४-८५ साली 'हम लोग' लागे. त्यातले बसेसर राम दारुडे वडील. त्यांच्यामुळे पैशाची ओढाताण, बायकोचे मिटलेले तोंड, मुलांची शरम, हे सारे घरातून दिसायचे. शेवटी अशोककुमार दोन शब्द बोलत. आमच्या चाळीत एका घरी टीव्ही होता. दाटीवाटीने बसलेल्यांत स्वतः पिणारेही असत, आणि त्या वेळी खोलीत फारसे कोणी बोलत नसे.

पुढे केबल आले. सन २००० मध्ये दूरचित्रवाणीवर दारूच्या जाहिरातींना बंदी झाली, तर त्याच नावाचा सोडा आणि कॅसेट विकायला आल्या. २०१२ पासून सिगारेटच्या दृश्याखाली इशारा येतो. नायक झुरका घेतो, कोपऱ्यात बारीक अक्षरे. डोळा कुठे जातो हे सांगायला नको.

पुस्तकांत मात्र मला वेगळे सापडले. दया पवार यांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) पिणारा बाप आहे, पण तो मुलाच्या डोळ्यांनी दिसतो. त्यात माया आहे, राग आहे, नक्कल नाही. अनिल अवचट यांनी ब्राऊन शुगरच्या आहारी गेलेल्या मुलांच्या घरी जाऊन 'गर्द' लिहिले. ते लिखाण वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले, आणि १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' उभे राहिले. डॉ. अनिता अवचट यांनी ते चालवले. लेख वाचून रुग्णांसाठी खाटा मांडल्या गेल्या, असे मराठीत फार वेळा झालेले नाही. तिथे व्यसनी माणसाला पापी न मानता आजारी मानतात. नाटकातल्या सुधाकरला विषाखेरीज वाट नव्हती.

बँकेच्या काउंटरवर मी सिंधू रोज पाहतो. पगाराच्या दिवशी नवऱ्याच्या आधी पोचणाऱ्या, 'पासबुक घरी नेत नाही, इथंच ठेवता का' असे विचारणाऱ्या. तसे ठेवता येत नाही. मी त्यांना स्वतःच्या नावाने आवर्ती ठेव काढायला सांगतो.

पुढच्या वर्षी आम्ही गीताचा प्रवेश बसवला. तालमीला दोनच मुली आल्या. प्रयोग साधाच झाला, मधल्या रांगेतून 'करमणूक कुठाय?' असे कोणी ओरडलेही. ती भगिनी मुलांसह शेवटपर्यंत बसली. मोठा मुलगा एके ठिकाणी हसला, गीता नवऱ्याला सुनावते तिथे.