चर्चमधलं लग्न आणि मेगापिक्सेलचा मोह

प्रश्न : माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर आणि सोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. आता लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत, पण चर्चमधले फोटो काळपट, दाणेदार येतात. कर्ज काढून ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊ का?
– एक वाचक, गास (वसई)

उत्तर : कर्ज अजिबात काढू नका. मेगापिक्सेल वाढल्याने अंधारातला फोटो उजळत नाही. अल्बमच्या १२ बाय १८ इंची पानाला साधारण २० मेगापिक्सेल पुरतात. तुमच्याकडे ते आहेत.

अडचण लेन्सची आहे. झूम ५५ वर नेला की तिचं ॲपर्चर एफ/५.६ वर अडकतं. ५० मिमी एफ/१.८ लेन्स त्याच्या नऊपटींहून जास्त प्रकाश आत घेते, आणि खिशालाही परवडते. वेदीपाशी अंगठी घालतानाचे हात तिच्यावर टिपा, घोळक्यासाठी जुनी लेन्स ठेवा. आयएसओ खुशाल ३२०० करा, पण शटर १/१२५ च्या खाली नको. दाणे कमी करता येतात, हललेला फोटो मात्र गेलाच! फ्लॅशचं फादरना आधीच विचारून घ्या.

पैसे घेऊन काम करताना जादा बॉडी हवीच. ती भाड्याने आणा. लेन्स सेकंडहँड घेतलीत तर टॉर्च मारून आत बुरशीचे धागे दिसतात का पाहा. आपल्याकडच्या दमट हवेत ती लवकर धरते, म्हणून घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. आणि बॉडी निकॉनच्या डी३००० किंवा डी५००० मालिकेतली असेल, तर ‘एएफ-एस’ लेन्सच मागा. जुन्या ‘एएफ-डी’वर ऑटोफोकस चालणार नाही.