‘पास’ : एका परिचित इंग्रजी शब्दाचा पाठ

इंग्रजीच्या तासाला नवा शब्द कोठून आणावा, असा प्रश्न शिक्षकबंधुभगिनींना नेहमी पडतो. वस्तुतः कित्येक इंग्रजी शब्द मुले घरूनच घेऊन येतात. त्यांचा अर्थविस्तार दाखविणे एवढेच आपले काम उरते. ‘पास’ हा अशांपैकीच एक शब्द होय.

याचे मूळ लॅटिन भाषेतील ‘पासुस’, म्हणजे पाऊल, या शब्दात आहे. फ्रेंच भाषेच्या द्वारे तो इंग्रजीत आला. पाऊल टाकून पलीकडे जाणे ही मूळ कल्पना ध्यानी धरली, म्हणजे पुढील अर्थ एका सूत्रात ओवता येतात.

१. जवळून पुढे जाणे : ‘वुई पास द टेम्पल एव्हरी डे.’ आम्ही रोज देवळावरून जातो.

२. हातोहात देणे : ‘पास द चॉक, प्लीज.’ चेंडूचा ‘पास’ तो हाच.

३. काळ सरणे : ‘टू इयर्स पास्ड.’ आपल्या बोलण्यातील ‘टाइमपास’ येथूनच आला.

४. मंजूर होणे : विधानसभेत विधेयक ‘पास’ होते.

५. परवाना : ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली मिळणारा एस.टी.चा मोफत पास.

६. डोंगरातील वाट : खैबर खिंडीला इंग्रजीत ‘खैबर पास’ म्हणतात.

७. परीक्षेत उत्तीर्ण होणे.

सातव्या अर्थी एक चूक फार आढळते. मराठीत आपण ‘परीक्षेत पास झालो’ म्हणतो. म्हणून मुले ‘आय पास्ड इन द एक्झाम’ असे लिहितात. येथे ‘इन’ नको. ‘आय पास्ड द एक्झाम’ हेच शुद्ध. तसेच ‘पास्ट’ म्हणजे भूतकाळ आणि ‘पास्ड’ हे क्रियापद यांचा उच्चार सारखाच होतो. लेखन मात्र भिन्न आहे. ते फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवावे.

पाठ घेताना व्याख्येने आरंभ करू नये. मुलांना वर्तुळात बसवून खडूचा तुकडा एकमेकांस द्यावयास सांगावा. देताना प्रत्येकाने ‘पास द चॉक, प्लीज’ हे वाक्य म्हणावे. नंतर एस.टी.चा पास दाखवून दुसरा अर्थ विचारावा. परीक्षेचा अर्थ सर्वांत शेवटी घ्यावा.

हा क्रम सहेतुक आहे. खेड्यातील मुलाच्या कानी ‘पास’ बहुधा ‘नापास’च्या जोडीनेच पडतो. शिक्षण हक्क अधिनियम २००९ मधील २०१९ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षेचे नियम केले. त्यांनुसार अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास पूरक मार्गदर्शन व दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी मिळते. तीतही अनुत्तीर्ण झाल्यास त्यास त्याच वर्गात ठेवता येते. हे दोन महिने नावापुरते ठरू नयेत. वर्गात ‘नापास’ अशी हाक एखाद्या मुलास लागली, तर दुसऱ्या वर्षी ते शाळेत येईलच अशी शाश्वती नसते.

म्हणून निकाल सांगताना त्यास कोणता घटक आला व कोणता राहिला, हे नेमके सांगावे आणि राहिलेल्या घटकाचा अभ्यास त्याच आठवड्यात सुरू करावा. ज्या शब्दाचे मूळ पाऊल आहे, त्या शब्दाने कोणाचेही पाऊल अडू नये.