शेवटचे तीन महिने : पोटातले बाळ वाढते आहे ना?

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघू लागल्या, की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. शिरूर कासारकडच्या एका सासूबाईंनी सुनेला पुढे करून तोच विचारला, "डॉक्टर, हिला सातवा सरलाय. संगं न्यावं का घरी ठिवावं?" या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी मी तीन गोष्टी पाहतो : आईचे वजन, पोटाची उंची आणि बाळाची हालचाल. या तिन्हींना मोठे यंत्र लागत नाही.

२८व्या आठवड्यात बाळ सुमारे एक किलोचे असते. ३२व्या आठवड्यात ते पावणेदोन किलोच्या आसपास जाते आणि पूर्ण दिवसांचे बाळ अडीच किलोपेक्षा जास्त भरावे अशी अपेक्षा असते. म्हणजे निम्म्याहून अधिक वजन या शेवटच्या तीन महिन्यांतच वाढते. या काळात आईचे वजन दरमहा दीड-दोन किलोने वाढावयास हवे. "जास्त खाल्ले तर बाळ मोठे होऊन बाळंतपण अडेल" या समजुतीपायी सुनेला अर्धपोटी ठेवू नये. भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, दूध व जमल्यास अंडे रोज द्यावे. लोहाची गोळी रोज घ्यावी, मात्र चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नये.

पोटाची उंची परिचारिका साध्या टेपने मोजते. २४ ते ३६ आठवड्यांपर्यंत जितके आठवडे, साधारण तितके सेंटिमीटर उंची भरते. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक चालतो. त्याहून कमी भरली किंवा दोन तपासण्यांत वाढलीच नाही, तर सोनोग्राफी करून बाळाची वाढ पाहावी लागते. पहिलटकरणीचे पोट शेवटच्या महिन्यात थोडे खाली उतरते व श्वास मोकळा होतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

तिसरी तपासणी आईने स्वतः करावयाची आहे. जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून हालचाली मोजाव्यात. दोन तासांत दहा तरी जाणवाव्यात. "दिवस भरत आले की बाळ शांत होते" हा समज घातक आहे. हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

कंबर दुखणे, छातीत जळजळ, वारंवार लघवीला होणे, संध्याकाळी घोट्यांवर थोडी सूज येणे हे बदल बहुधा स्वाभाविक असतात. परंतु चेहरा व हात सुजणे, सतत डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही रक्तदाब वाढल्याची लक्षणे असू शकतात. रक्तदाब १४०/९० किंवा अधिक असेल तर उशीर करू नये. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, ताप येणे, झटके येणे, ३७ आठवड्यांपूर्वी कळा सुरू होणे या प्रसंगीही १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सरकारी रुग्णालयात २०११ पासून बाळंतपण व त्यासाठीची ने-आण मोफत आहे. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालयही आहे.

आता त्या सासूबाईंच्या प्रश्नाकडे वळू. शेवटच्या तीन महिन्यांत उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणे पोटुशीला धोक्याचे आहे. घरी सांभाळणारे माणूस असेल तर तिला गावीच ठेवावे, हेच मी त्यांना सांगितले. पण एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे, आणि उचल आधीच घेतलेली. सगळ्यांनाच हे जमत नाही, हे मी जाणतो. न्यावेच लागले तर फडात पाठवू नये. निघताना माता-बाल संरक्षण कार्ड व गोळ्या सोबत द्याव्यात. कार्डावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन व पोटाची उंची यांची नोंद असते. ते पाहून परक्या गावच्या डॉक्टरलाही पुढची दिशा लगेच कळते. तेथील आशाताईंना भेटावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी असते, ती चुकवू नये.

गाडीत भांडीकुंडी भरताना ते कार्ड मात्र पेटीच्या तळाशी ठेवू नका. ते आईच्या हाताशीच असू द्या.