मशेरी धूर देत नाही, मग अपाय कसा?

प्रश्न : आई गेली अनेक वर्षे दिवसातून चार-पाच वेळा मशेरी लावते. दाढ दुखायची म्हणून सुरुवात झाली. आता माझी गरोदर वहिनीही लावू लागली आहे. बिडी-सिगारेटसारखा धूर नसल्याने ती निर्धोक आहे का?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : नाही. मशेरी म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच. निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जाते. दाढेची कळ तात्पुरती दबते, पण कीड तशीच वाढते आणि सवय जडते. धूरविरहित तंबाखू कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्पष्ट केले आहे.

वहिनींनी ती आजच थांबवावी. गरोदरपणात तंबाखूमुळे कमी वजनाचे बाळ, अकाली प्रसूती आणि मृतजन्म यांचा धोका वाढतो.

आईंच्या तोंडात पांढरा-लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणे दिसल्यास लगेच दंतवैद्यांना दाखवा. दुखऱ्या दाढेवरही उपचार करून घ्या. मूळ कारणच सरेल. सोडल्यावर सुरुवातीचे काही दिवस चिडचिड, अस्वस्थता जाणवते, ती हळूहळू ओसरते. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.

तंबाखूमुळे जगात दरवर्षी ७० लाखांहून अधिक माणसे दगावतात. जागतिक तंबाखू नियंत्रण करार २००५ पासून लागू आहे, भारतही त्यात सामील आहे. पण घरी भाजलेल्या मशेरीच्या डबीवर धोक्याचे चित्र नसते. तो इशारा तुम्हीच प्रेमाने, पुन्हा पुन्हा द्या.