स्टिअरिंग जड झालंय? पंप बदलण्याआधी पाइप बघा



आपल्या कितीतरी गटांकडे आता स्वतःची गाडी आहे. कुणी दूध पोचवतं, कुणी भाजी बाजाराला नेतं, कुणी प्रवासी वाहतूक करतं. आजीविका ग्रामीण एक्सप्रेस ही योजना २०१७ साली सुरू झाली, ती प्रवासी वाहतूक करणाऱ्या गाड्यांसाठी. कुणी गटाच्या कर्जातून पिकअप किंवा जुनी कार घेतली. गाडी कशीही आलेली असो, एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे : गाडी थांबली तरी हप्ता थांबत नाही.

एखाद्या सकाळी स्टिअरिंग जड लागतं. वळवताना पुढून कण्हल्यासारखा आवाज येतो. गाडी उभी असते तिथे जमिनीवर तेलाचा डाग दिसतो. आपण गॅरेजला जातो आणि ऐकायला मिळतं, "ताई, पंप गेला." कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा बिघाड एका रबरी पाइपात नाहीतर त्याच्या क्लिपमध्ये असतो. पाइप आणि पंप यांच्या खर्चात मोठा फरक आहे. म्हणून तेल कुठून गळतंय हे आपण स्वतः बघायला शिकायचं. आजचा धडा त्याचाच.

हे काम चालतं कसं?

तेलावर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगमध्ये चार गोष्टी असतात : तेलाची डबी, इंजिनच्या बेल्टवर फिरणारा पंप, चाकं वळवणारा बॉक्स (कारमध्ये बहुधा त्याला रॅक म्हणतात) आणि यांना जोडणारे पाइप. डबीतलं तेल पंपात येतं. पंप ते जोराने बॉक्सकडे ढकलतो. तो जोर आपल्या हाताला मदत करतो. मग तेल परत डबीत येतं.

पंपाकडून बॉक्सकडे जातो तो प्रेशर पाइप. बॉक्सकडून डबीकडे येतो तो रिटर्न पाइप. कारच्या टायरमध्ये आपण साधारण ३० ते ३५ पौंड हवा भरतो. प्रेशर पाइपात, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की, हजार पौंडांच्या वर दाब जातो. रिटर्न पाइपात दाब अगदी कमी असतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

बऱ्याच नव्या छोट्या गाड्यांत विजेवर चालणारं स्टिअरिंग असतं. त्यात तेलही नसतं आणि हे पाइपही नसतात. बॉनेट उघडून स्टिअरिंगची डबी आहे का, हे आधी पाहा. गाडीच्या पुस्तकातही ते लिहिलेलं असतं.

गळती कशी शोधायची?

गाडी सपाट जागी लावा. इंजिन बंद करून गार होऊ द्या. डबी, पाइप, जोड सगळं फडक्याने कोरडं पुसून घ्या. गाडीखाली जुना पुठ्ठा टाका. मग गाडी सुरू करा, एकीने स्टिअरिंग दोन्ही बाजूंना सावकाश फिरवावं. इंजिन बंद करा आणि ओल कुठे आली ते वरून खालीपर्यंत बघा. तेल खाली ओघळतं, त्यामुळे जिथे थेंब पडतो तिथेच गळती आहे असं नाही. ओल सुरू होते ती सगळ्यात वरची जागा शोधा.

इंजिन चालू असताना पाइपावर हात फिरवून गळती शोधू नका. बारीक छिद्रातून जोराने उडालेलं तेल कातडीच्या आत शिरू शकतं. वरून सुईच्या टोकाएवढी खूण दिसते, आतली इजा मात्र गंभीर असते. असं झालं तर दुखण्याची वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा.

कोणता पाइप आपला, कोणता फिटरचा?

रिटर्न पाइप रबरी असतो आणि बहुतेक गाड्यांत दोन्ही टोकांना साध्या क्लिपने बसवलेला असतो. तो हाताला येत असेल तर आपण अंगणात बदलू शकतो. प्रेशर पाइपाची टोकं लोखंडी असतात, कंपनीतूनच दाबून बसवलेली. तो अख्खाच बदलावा लागतो आणि ते काम फिटरकडूनच करून घ्या. मात्र समोर उभं राहून तीन गोष्टी बघा : पाइप आपल्याच मॉडेलचा आहे ना, जोडावरचे वॉशर किंवा ओ-रिंग नवे टाकले ना, आणि शेवटी हवा काढली ना.

रिटर्न पाइप बदलायची रीत

१. काढायच्या आधी पाइप कुठून कसा गेलाय याचा मोबाइलवर फोटो काढा. डबीचं झाकण आणि आजूबाजूची माती पुसा. मातीचा कण तेलात गेला तर पंप खराब होतो.

२. खाली घमेलं ठेवा. क्लिप सैल करा, पाइप हळूहळू फिरवत ओढा. घट्ट बसला असेल तर हिसका देऊ नका, डबीची नळी तुटते. गळालेलं तेल कॅनमध्ये भरा. ते मातीत, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. जुनं इंजिन ऑइल घेणाऱ्या गॅरेजला देऊन टाका.

३. जुना पाइप नमुना म्हणून दुकानात न्या. तेवढ्याच जाडीचा, तेवढ्याच लांबीचा आणि पॉवर स्टिअरिंगच्या तेलासाठी बनवलेलाच पाइप मागा. फवारणी पंपाचा किंवा पाण्याचा पाइप चालणार नाही. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून काम भागवू नका. तेलात ते रबर फुगतं, मऊ पडतं आणि भर रस्त्यात सुटतं.

४. क्लिपही नव्या घ्या. पाइप नळीवर पूर्ण आत सरकवा. क्लिप नळीच्या फुगीर कडेच्या मागे बसली पाहिजे. पाइप निसटणार नाही इतकी आवळा, रबर कापेल इतकी नको. फोटोशी ताडून बघा. पाइप बेल्टला किंवा गरम सायलेन्सरच्या नळीला लागता कामा नये. तापलेल्या नळीवर तेल पडलं तर पेट घेऊ शकतं.

५. डबीच्या झाकणावर किंवा पुस्तकात लिहिलेलंच तेल खुणेपर्यंत भरा. ब्रेक ऑइल चुकूनही टाकू नका, त्याने आतले रबरी सील खराब होतात.

हवा काढणं विसरू नका

पाइप उघडला की आत हवा जाते. ती तशीच राहिली तर नव्या पाइपानंतरही स्टिअरिंग कण्हतं, अडखळतं, आणि पंप झिजतो. हे काम दोघींचं आहे.

हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला ठेवा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. पुढची बाजू जॅकने उचलून दोन्हीकडे घोडीवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. घोडी नसेल तर एवढं काम गॅरेजमध्ये करून घ्या.

चावी स्टिअरिंगचं लॉक सुटेल इतकीच फिरवा, इंजिन सुरू करू नका. एकीने स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवायचं. दुसरीने डबीवर लक्ष ठेवायचं, बुडबुडे येतील, पातळी उतरेल तसं तेल घालायचं. बुडबुडे थांबले की गाडी खाली घ्या, इंजिन सुरू करा आणि पुन्हा हळूहळू फिरवा. टोकाला नेऊन धरून ठेवू नका. तेलाला फेस आला तर इंजिन बंद करून थोडा वेळ थांबा, मग पुन्हा करा. शेवटी पातळी आणि जोड तपासा. आधी गावातच हळू एक फेरी मारा, पुन्हा खाली वाकून बघा आणि मगच बाजाराला निघा.

रस्त्यात पाइप फुटला तर?

घाबरू नका. स्टिअरिंग एकदम जड होतं, पण चाकं वळतात. दोन्ही हातांनी घट्ट धरा, वेग कमी करा, गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. तेलाशिवाय पंप फिरत राहिला तर खराब होतो. मग पाइपाच्या पैशांत भागणारं काम खरोखरच पंपावर जातं. "तेल घालत घालत जाऊ" म्हणताना हेच होतं.

नोंद ठेवा

आपल्या पंचसूत्रीत हिशोबाची वही जशी आहे तशी गाडीचीही एक वही करा. आठवड्यातून एकदा डबीची पातळी, गाडीखालचा डाग, पाइपांना भेगा किंवा फुगवटा आहे का, हे बघून तारखेसह लिहा. पातळी दर आठवड्याला उतरत असेल तर तेल कुठेतरी जातंय. नुसतं भरत राहू नका, शोधा.

पुढच्या बैठकीत बोलूया

• आपल्या गाडीचं स्टिअरिंग तेलावर चालतं की विजेवर?
• रिटर्न पाइप कोणता, हे गटातल्या किती जणी दाखवू शकतात?
• गेल्या वेळच्या दुरुस्तीत काय बदललं? त्याचं बिल आणि जुना भाग आपण मागून घेतला का?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. पैसे गटाचे आहेत, तेव्हा काढलेला भाग डोळ्यांनी बघणं हा आपला हक्क आहे. बिनधास्त विचारा, "दादा, जुना पाइप दाखवा."