चुंबकीय तबकडीवरील नोंद आणि अर्धसंवाहक संवेदक

शहापूरच्या मागावर वस्त्राचा तलमपणा एका इंचातील धाग्यांच्या संख्येवरून ठरतो. धागे जितके दाट, तितकी तुटलेला धागा हेरणारी नजर तीक्ष्ण असावी लागते. संगणकातील चुंबकीय तबकडीसही हाच नियम लागू पडतो. तेथे धाग्यांऐवजी चुंबकीय खुणा असतात व त्या वाचण्याचे काम संवेदक करतो. या संवेदकाचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

हा विषय केवळ प्रयोगशाळेतील नव्हे. शहापूर शिवारातील शेतकऱ्याचा पहाणी उतारा पूर्वी हाताने लिहिला जाई. कर्नाटक शासनाच्या ‘भूमी’ प्रकल्पात २००० सालाच्या सुमारास राज्यातील सुमारे २ कोटी उतारे संगणकावर घेण्यात आले. अशा प्रचंड नोंदी अल्प खर्चात साठविण्याचे प्रमुख साधन म्हणजे चुंबकीय तबकडी. वारसाचे नाव असो की कर्जाचा बोजा, तिच्यावर त्याचे रूपांतर खुणांच्या ओळीत होते. खूण वाचता आली नाही, तर नोंद असून नसल्यासारखीच.

खूण व तिचे वाचन

तबकडीवर चुंबकीय पदार्थाचा अत्यंत पातळ थर असतो. त्यातील सूक्ष्म भाग एका किंवा उलट दिशेने चुंबकित करून माहिती नोंदविली जाते. १९५६ साली आय.बी.एम. कंपनीने बाजारात आणलेल्या पहिल्या यंत्रात ५० तबकड्या होत्या व त्या सर्वांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. त्या वेळी एका चौरस इंचात सुमारे २,००० खुणा असत. आज ही संख्या १ लाख कोटींच्या वर गेली आहे. खूण लहान झाली की तिचे चुंबकक्षेत्रही क्षीण होते. म्हणून संवेदक तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर ठेवावा लागतो. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८०,००० नॅनोमीटर असते, हे लक्षात घेता या अंतराची कल्पना येईल.

प्रारंभी वाचनासाठी तारेचे वेटोळे वापरीत. पुढे ते अपुरे पडू लागले, तेव्हा जुना शोध उपयोगी पडला. चुंबकक्षेत्रात लोखंडाचा विद्युत्‌रोध बदलतो, असे विल्यम टॉमसन यांना १८५७ च्या सुमारास आढळले होते. १९८८ साली आल्बेर फेर व पेटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे धातूंच्या अतिपातळ थरांत हा बदल पुष्कळ मोठा असल्याचे दाखविले; १९९७ पासून तो तबकडीयंत्रांत आला आणि २००७ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. निरोधक थरातून पार जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांवर आधारलेला परिणाम सामान्य तापमानाला १९९५ साली सिद्ध करणाऱ्यांत म्हैसूर विद्यापीठात शिकलेले जगदीश मूडेरा होते. सध्याच्या तबकडीयंत्रांत याच जातीचे संवेदक असतात.

अर्धसंवाहकाची युक्ती

वरील संवेदक स्वतःच चुंबकीय द्रव्याचे असतात. त्यांचा आकार फार घटविला, की उष्णतेमुळे त्यांचे चुंबकत्व डळमळते व क्षीण संकेतात गोंगाट मिसळतो. यावर स्टुअर्ट सोलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली वेगळा मार्ग दाखविला. इंडियम अँटिमनाइड या अर्धसंवाहकाच्या चकतीत मध्यभागी सोने बसविले. दोन्ही द्रव्ये अचुंबकीय आहेत. चुंबकक्षेत्र नसताना प्रवाह सुलभ वाट म्हणून सोन्यातून जातो. क्षेत्र लावताच तो बाजूस वळतो, सोन्यास वळसा घालून अर्धसंवाहकातून जाऊ लागतो आणि रोध वाढतो. मोकळा पाट सोडून पाणी वाळूतून वळविल्यासारखेच हे आहे. ०.०५ टेस्ला क्षेत्रात रोध १०० टक्क्यांनी, म्हणजे दुपटीपर्यंत, तर ०.२५ टेस्ला क्षेत्रात ९,१०० टक्क्यांनी वाढल्याचे सामान्य तापमानाला आढळले. संवेदकात चुंबकीय द्रव्यच नसल्याने चुंबकीय गोंगाटही नाही.

मात्र चकती नॅनोमीटरच्या मापात आणली असता हा लाभ बराच घटतो. तसेच असे सूक्ष्म अर्धसंवाहक घडविणे कठीण आहे. त्यामुळे ही रचना तबकडीयंत्रांत अद्याप रूढ झालेली नाही.

ध्यानात ठेवावयाचे

संवेदक कितीही सूक्ष्म असला, तरी तो लिहिलेलेच वाचतो; चुकलेले नाव तो दुरुस्त करीत नाही. तबकडीही कधी ना कधी निकामी होतेच. यास्तव अधिकाऱ्यांनी नोंदींच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात व मूळ कागद जपावेत. शेतकऱ्यांनी फेरफार झाल्यावर नवा उतारा काढून त्यातील नाव, क्षेत्र व बोजा पडताळून पाहावा. शिक्षकांना वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. होकायंत्राजवळ पट्टीचुंबक आणून अंतर वाढवीत न्यावे. सुईचे विचलन किती झपाट्याने घटते हे पाहिले, म्हणजे संवेदक तबकडीस इतका लगटून का ठेवतात, ते विद्यार्थ्यांस आपोआप उमगेल.